जेम्याच्या आईची तबकडी

लग्नाला सहा-सात महिने होत आले तरी आम्ही दोघं कुठेही गेलो नव्हतो. छप्पन सालचा हिवाळा होता. माझ्या मैत्रिणी कुणी पचमढीला, कुणी चिखलदऱ्याला जाऊन आल्या होत्या. एका संध्याकाळी हे तारघरातून आले आणि चपलाही न काढता म्हणाले, "शनिवारी निघू या. कुरखेड्याला."

"तिथे काय पाहायचं?"

"तबकड्या."

यांना फोनोच्या तबकड्यांचा नाद होता, आणि तोही साधासुधा नाही. लढाईच्या दिवसांत नागपुरात आलेल्या एका अमेरिकन शिपायानं सीताबर्डीवर काही जुन्या तबकड्या विकल्या होत्या. हे तेव्हा कॉलेजात होते. त्यांतली एक यांनी घेतली, ती निघाली ब्लूजची. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची ही गाणी. गाऱ्हाणं मांडायचं, पण असं ठेक्यात की ऐकणाऱ्याचा पाय हलला पाहिजे. तेव्हापासून हे जिथे मिळेल तिथे ब्लूज शोधत असत, आणि आमच्या मुलखात ते कुठेच मिळत नसे. मग यांचा मित्र वसंता, जो कुरखेड्याच्या जंगल डेपोत कारकून होता, तो सांगून गेला की जवळच्या एका खेड्यात सुकरू नावाच्या माणसाकडे अमेरिकन तबकड्यांचा अख्खा अल्बम आहे. झालं. माझं चिखलदरा कुरखेड्याला गेलं.

आज हा भाग गडचिरोली जिल्ह्यात येतो. तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. आता नागपूरहून ब्रह्मपुरी, वडसा करत अर्ध्या दिवसात पोचता येतं. आम्ही इतवारीहून छोट्या गाडीनं निघालो. ती गाडी इतकी सावकाश चाले, की वळणावर उतरून बोरं तोडून परत चढता येई. ती आता बंद झाली, नाहीतर तुम्हाला तिनंच जा म्हणून सांगितलं असतं. नागभीडला गाडी बदलायची, आणि खिडकीची जागा पकडायची, कारण वडशाच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागतो आणि हिवाळ्यात नदीची वाळू सोन्यासारखी दिसते.

गाडीत यांनी माझी शाळा घेतली. सोबत आणलेली ती सीताबर्डीची तबकडी मांडीवर ठेवली आणि सांगू लागले, "यांच्यावर साल छापत नाहीत. आपण ओळखायचं. साधारण पंचवीस सालापर्यंत गाणारा माणूस एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून गात असे. वीज नाही, काही नाही. त्यामुळे आवाज बारीक, डबीतून आल्यासारखा. खर्ज जवळजवळ नाहीच. पुढे विजेचा माइक आला. मग गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. काही कंपन्या विजेवर मुद्रण केलं की लेबलाच्या कडेला तबकडीतच गोलात एक बारीक अक्षर उठवायच्या. हे बघ." त्यांनी माझं बोट धरून त्या अक्षरावरून फिरवलं. डबाभर लोकांच्या देखत. मी लाजून खिडकीबाहेर बघायला लागले, पण अक्षर लागलं होतं बोटाला.

समोरचा एक शेतकरी बराच वेळ पाहत होता. "काय पायता जी त्या थाळीत?"

"हिचं वय काढतो आहे."

"बैलाचे दात पायतेत तसं?"

"अगदी तसंच."

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला आणि निवांत झोपला.

रात्र वडशाच्या धर्मशाळेत काढली. सकाळी कुरखेड्याची मोटार मिळाली. रस्ता कच्चा, धूळ इतकी की उतरल्यावर आम्ही दोघं एका रंगाचे झालो होतो. वसंताच्या बायकोनं आंघोळीला पाणी आणि जेवायला गरम भात, लाखोरीच्या डाळीचे वडे दिले. तिकडे गेलात तर ते वडे चुकवू नका. दुपारी वसंतानं बैलांची दमणी जुंपली आणि आम्ही सती नदी ओलांडून जंगलात शिरलो.

वाटेत कुसुमाच्या एका झाडाखाली हे एकदम "थांब" म्हणाले. फांद्यांवर तांबूस खरबरीत पुटं चढली होती. लाख. वसंताला त्यात काही नवल नव्हतं, त्याच्या डेपोत तिच्या राशी पडलेल्या असत. पण यांनी एक काडी तोडून माझ्या हातात दिली. "तबकडी याचीच करतात. ही वितळवून, त्यात दगडाची भुकटी घालून."

मी ती काडी जपून रुमालात बांधली. एवढ्या लांब येऊन पहिली भेट मिळाली ती ही.

सुकरूभाऊंचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगण सारवलेलं, कडेला धानाचं पुंजणं. चाळिशीचा, उंच, मोकळ्या हसण्याचा माणूस. लढाईत आसामच्या पलीकडे रस्ता बांधायला जी माणसं नेली, त्यांत झाडं तोडायला सुकरूभाऊही गेले होते. तिथेच काळ्या अमेरिकन शिपायांची तुकडी होती, त्यांतला जेम्स त्यांचा दोस्त झाला. सुकरूभाऊ त्याला जेम्या म्हणत.

"त्याले आपली बोली येत नाई, मले त्याची येत नाई," ते म्हणाले. "पन दोस्ती झाली. मी त्याले झाडावर चढाले शिकवलं, त्यानं मले टरक. लढाई सरली तवा जाता जाता हे पुस्तक देऊन गेला."

पुस्तक म्हणजे अल्बम. जाड पुठ्ठ्याचा, आत पानांच्या जागी कागदी खिसे. वाळवीनं पुठ्ठा कुरतडला होता आणि तबकड्यांवरची लेबलं साफ खाल्ली होती. नाव नाही, गाव नाही, नुसते काळे गोल. यांचा चेहरा पडला. पण सुकरूभाऊंनी कलकत्त्याहून आणलेला चावीचा फोनो बाहेर काढला, आणि यांनी खिशातून नव्या सुयांची डबी काढून त्यांना दिली, तेव्हा दोघांचेही चेहरे उजळले.

"घेऊन जाजा तुमी," सुकरूभाऊ म्हणाले. "पैसे नोको मले. फक्त एक काम करून द्या. जेम्या म्हने, यातली एक गानारीन त्याची माय हाय. कोनती ते सांगा. तेवढी मी ठेवतो."

"त्यानं दाखवली नाही?"

"दाखवली असन. पन तवा कागद होते त्याईवर, तो बोट ठेवे. आता कागदच नाई." मग ते हसले. "तसं मले मालूम हाय म्हना. हे."

त्यांनी एक तबकडी लावली. भरदार, दणदणीत आवाजाची बाई गात होती. सुकरूभाऊंनी सहज हात जोडले. इतकी वर्षं सणावाराला ते ही लावून जेम्याच्या आईला नमस्कार करत आले होते. त्यांना फक्त शिक्का हवा होता.

यांनी तबकडी उचलून उन्हाकडे तिरपी धरली, मधल्या गोलाच्या कडेला अंगठा फिरवला आणि माझ्याकडे दिली. माझ्या बोटाला ते गोलातलं अक्षर लागलं. विजेची.

"जेम्स आणखी काही बोलला होता? आईबद्दल?" यांनी विचारलं.

"पोटावर असा हात फिरवे," सुकरूभाऊंनी आपल्या पोटावर हात फिरवला. "म्हने, मां गाती, मैं इधर."

"त्याचं वय काय असेल तेव्हा?"

"वीस. लढाई सरली, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात वीस पुरे झाले त्याले. डब्यातली फळं खाऊ घातली सबन लोकाईले."

हे बोटांवर मोजू लागले. मीही मनात हिशेब केला. चव्वेचाळीसात वीस, म्हणजे जन्म चोवीसचा. आई पोटुशी असताना गायली, तर गाणं कर्ण्यातलं हवं. अल्बमात पाच तबकड्या होत्या. तीन बाप्यांच्या, गिटारीवरच्या. दोन बायकांच्या, आणि दोन्हींवर ते अक्षर. खिसे मात्र सहा होते.

"सहावी कुठे आहे?"

सुकरूभाऊंची बायको मैनाबाई दारात उभी होती. ती संकोचून म्हणाली, "ते बिघडली होती जी. आवाजच नाई तिले, मच्छर गुनगुनते तशी. मी ताकाच्या गंजावर झाकन केलं."

तिनं झाकण धुऊन, पदरानं पुसून आणलं. कडेला एक चीर गेली होती. यांनी सुई ठेवली. खरखर, चिरेची टकटक, आणि तिच्यामागून लांबून, डबीतून आल्यासारखा एक बारीक आवाज. खर्ज नाही, श्वास नाही. फक्त एक तरुण मुलगी, ठेक्यात आपलं गाऱ्हाणं सांगणारी.

मी यांच्याकडे पाहिलं. कर्ण्याच्या काळातलं ब्लूज यांना कधी पाहायलाही मिळालं नव्हतं. ते आता समोर फिरत होतं. काही बोलायचंसुद्धा नव्हतं. "हो, तुमची म्हणता तीच" एवढी मान हलवली असती, तर सुकरूभाऊ खूश झाले असते आणि ही तबकडी आमच्या ट्रंकेत आली असती. तिथे ही गोष्ट फक्त मला कळत होती, आणि मला कळतंय हे यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. गाणं संपलं. सुई आतल्या आत फिरत राहिली.

"सुकरूभाऊ," हे म्हणाले, "ही जेम्सची आई. ती मोठ्या आवाजाची नव्हे."

मग त्यांनी कर्णा, वीज, अक्षर, सगळं समजावलं, आणि पुढे हेही सांगितलं, "नाव-गाव मला सांगता येणार नाही. पण बायकांच्या तिन्हींमध्ये तो जन्मायच्या आधीची ही एकच आहे."

सुकरूभाऊंनी ती मोठ्या आवाजाची तबकडी हातात घेतली. मला वाटलं, आपण येऊन त्यांचा देव हलवला. मैनाबाईनं तर पदर तोंडाला लावला होता. "अगो माय, मी तिले ताकावर ठेवली."

"काऊन रडतं?" सुकरूभाऊ म्हणाले. "जेम्याच्या मायनं इतके वर्स मांजरीपासून आपलं ताक राखलं." आणि ते हसायला लागले. मग मैनाबाई, मग आम्ही सगळे. हसू ओसरल्यावर त्यांनी स्वतः चावी भरली, ती तबकडी पुन्हा लावली आणि फोनोच्या तोंडाशी कान नेऊन ऐकली. "लहानशीच असन पोरगी तवा," ते हळूच म्हणाले.

मी रुमालातली लाखेची काडी काढून मैनाबाईला दाखवली, तबकडी याचीच असते म्हणून सांगितलं. ती दोन्हीकडे आळीपाळीनं पाहत राहिली. "म्हंजे आमची लाख तिकडं जाऊन गानं शिकून आली म्हना."

निघताना सुकरूभाऊंनी चार तबकड्या धोतराच्या फडक्यात बांधून दिल्या. मोठ्या आवाजाची मात्र काढून घेतली. "हिले बी ठेवतो जी. इतके वर्स हात जोडले. आता तू माय नाई म्हनून कशी घालवू?"

परतीच्या गाडीत मी विचारलं, "अहो, मोह झाला होता?"

"झाला होता की."

"मग?"

"सुकरूभाऊ कान लावून ऐकत होते बघ, तसं मला नसतं ऐकता आलं." आणि त्यांनी शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली.

घरी सासूबाईंनी फडकं सोडलं, चार काळ्या थाळ्या पाहिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या लांब नेलं आणि हे दाखवलं तुला?" मी हो म्हटलं. पुढे आम्ही चिखलदराही पाहिलं, आणखीही बरंच पाहिलं. त्या चार तबकड्या यांच्यामागे आता माझ्या कपाटात आहेत, आणि कुणी जाणकार आले की त्यांना मी सालं काढून दाखवते. पण कुणी विचारलं, तुमचा नवरा कसा होता हो, तर मला ते अंगण आठवतं. लग्न ठरताना चहाचा ट्रे धरून मी यांना जेमतेम पाहिलं होतं. त्या दुपारी, सुई नुसतीच फिरत होती तेव्हा, मी यांना नीट पाहिलं, आणि मनात म्हटलं, बरं झालं आपण हो म्हणालो.