बैठकीतले पाडलेले दरवाजे

आमच्या बैठकीच्या भिंतींवर दरवाजे आणि इमारती होत्या, आणि त्याही सगळ्या पाडलेल्या. मुंबईच्या कोटाचं बाजारगेट, लंडनचा घरं असलेला जुना पूल, पॅरिसचा एक तुरुंग. आबांचा मावसभाऊ मुंबईला छापखान्यात होता. तो दर दिवाळीला असं एखादं छापील चित्र गुंडाळी करून पाठवायचा. आबा अमरावतीला शिकलेले आणि मेहकरजवळच्या आमच्या गावात पंच. घरची जमीन भरपूर, काम बेताचं. जगात जे उरलेलं नाही त्याच्यावर त्यांचा फार जीव होता. उरलेल्यांवर तेवढा नसे, आईला ते चांगलं ठाऊक होतं.

पाहुणा आला की चहाच्या आधी आबा त्याला भिंतीशी उभा करत आणि एकेका चित्रावर छडी टेकवून म्हणत, "हे आता नाही." असा उसासा टाकत, की पाहुण्याला आपण दुखवट्याला आलो असं वाटावं. आईने हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की एका सर्वपित्री अमावास्येला तिने सगळ्या चित्रांना झेंडूच्या माळा घातल्या. पॅरिसच्या तुरुंगालाही. आबा संतापले, तर ती म्हणाली, नाहीत असं तुम्हीच सांगता, मग माळ नको तर काय? माळा सुकेपर्यंत तशाच राहिल्या.

चित्रांना चौकटी करायचा तो वेशीतला चाचा. गावाला दगडी वेस होती, तिला सागवानी दारं होती, आणि कमानीच्या पोटात पूर्वीच्या पहारेकऱ्यांची देवडी, म्हणजे एक खोली होती. तिथे चाचाचा आजा बसला, बाप बसला, मग चाचा. तो काच कापायचा, चौकटी ठोकायचा आणि वेशीतून जाणाऱ्या प्रत्येकाची खबरबात घ्यायचा. शाळेतून परतताना मला विचारल्यावाचून सोडत नसे, आज मार बसला का? बसला असेल तर रंगीत काचेचा तुकडा देई. तो माझा फार लाडका माणूस होता.

पुढे मेहकरहून मोटार सुरू झाली आणि ती वेशीत मावेना. उतारू बाहेर उतरत आणि दोनशे पावलं चालत गावात येत. या अन्यायाविरुद्ध पंचायतीत ठराव आला, वेस पाडावी आणि रस्ता रुंद करावा. ठराव मांडला आबांनी. घरी येऊन, बाजारगेटाच्या बरोबर खाली बसून, त्यांनी प्रगतीचं महत्त्व आम्हाला समजावून सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी असा उजेडी पाहिला. पण मोठेपणा कशाला मिरवू? मोटार दाराशी येणार म्हणून मीही नाचले होते.

चाचा आबांना भेटायला आला. वेस ठेवा, निदान देवडीची बाजू तरी ठेवा, एवढंच त्याचं मागणं होतं. आबांनी त्याला बसायला सांगितलं आणि बाजाराच्या मागे जागा देण्याचा शब्द दिला. चाचा मात्र बसला नाही. स्वतःच ठोकलेल्या चौकटींकडे बघत उभा राहिला.

"मालक, हे सारे दरवाजे गेले म्हन्ता," तो म्हणाला. "मंग त्याइच्यात बसनारे लोकं कुठी गेले?"

तसं काही चित्राखाली छापलेलं नाही, असं आबा म्हणाले.

उन्हाळ्यात वेस पडली. दगड लोकांनी गोठ्यांना नेले, दारांचा लिलाव झाला. बाजारामागच्या मोकळ्या जागेत चाचाने गोणपाट बांधून पाहिलं, पण वाऱ्याने काच टिकेना आणि तिकडे कुणी फिरकेना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. जावयाकडे अमडापूरला चालला होता. आबांनी दिलेलं शेवटचं काम, मुंबईच्याच कोटाचं पाडलेलं चर्चगेट, त्याने चौकट करून आणलं होतं. रुंद, काळपट चौकट, एका कोपऱ्यात मोठ्या खिळ्याचं भोक.

आबांनी लाकडावरून हात फिरवला. असलं सागवान आता मिळत नाही, म्हणाले, कुठून आणलं?

"आपल्या वेशीच्या दाराचं हाय, मालक."

आबांनी हात काढून घेतला. मी रडले. रंगीत काच मिळाली नाही म्हणून नव्हे, मी नाचले होते म्हणून.

दसऱ्याला सोनं लुटायला जाण्याआधी वेशीला पहिलं तोरण बांधायचा मान आमच्या घराचा. ही गोष्ट ठराव मांडताना आबांच्या ध्यानातच आली नव्हती. फेटा बांधून ते बाहेर आले, अंगणात गाव जमलेलं, आणि आई ताटात तोरण घेऊन उभी.

"हे कुठी बांधाचं?" तिने विचारलं.

आबांनी वेस होती तिकडे पाहिलं. मग ती बैठकीत गेली, स्टुलावर चढली आणि चर्चगेटाच्या चौकटीला तोरण बांधून खाली उतरली. चित्राला तिने हातही लावला नाही. गाव दारातून बघत होतं.

त्यानंतर आबांनी त्या चित्रावर कधी छडी टेकवली नाही. एखादा पाहुणाच विचारायचा, हेही आता नाही का? आबा चौकटीकडे बघत आणि आत चहा सांगत.