वैशालीचे उकडीचे मोदक

यांनाही हे ठाऊक नाही — आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर यांच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीत मोदकांची स्पर्धा असते. बक्षीस बहुतेक माझंच — शेवटी कंटाळून मला परीक्षकच करून टाकलं. मिरवायला मला आवडतं, नाही कशाला म्हणू?

त्या वर्षी समोरच्या फ्लॅटमधल्या वैशालीनं भाग घेतला. ती अमरावतीची. त्यांच्याकडे मोदक तळतात. उकडीचे तिला मीच शिकवले होते, माझ्या ओट्याशी उभं करून. पारी फाटली की हसायची, पुन्हा उकड मळायची. आणि स्पर्धेत तिचं ताट समोर आलं — काय सांगू? इतक्या नाजूक, एकसारख्या कळ्या मला जन्मात जमल्या नाहीत. कौतुक वाटायला हवं होतं ना? पोटात दुखलं. मत्सर, दुसरं काही नाही.

बरोबरच्या दोघी परीक्षकही ताटाकडे बघत राहिल्या. एक म्हणाली, "विदर्भातली ना ही? हिला कुठले जमताहेत उकडीचे! विकतचे आहेत." दुसरीला पटलं. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. 'मीच शिकवलेत' — एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणाले, "विकतचे चालत नाहीत. नियम तो नियम."

माईकवरून तिचं नाव घेऊन 'अपात्र' असं जाहीर झालं. काय शब्द आहे बघा — बाद म्हटलं की ताट बाजूला होतं, अपात्र म्हटलं की बाई. सगळे वळून बघायला लागले. "मी घरीच केलेत हो," ती दोनदा म्हणाली. माझं नाव मात्र तिनं घेतलं नाही.

पुढे जिन्यात भेटली की बायका विचारायच्या, "काय वैशाली, आज भाजी तरी घरची का?" मीही हसायचे. हो, मीही.

नवऱ्याची बदली झाली तेव्हा ती निरोप घ्यायला आली. म्हणाली, "काकू, त्या दोघी, तुम्ही एकट्या. माझ्यासाठी तुम्ही भांडल्या असाल, मला माहीत आहे ना. म्हणून तर तुमचं नाव नाही घेतलं — परीक्षकानंच शिकवलं म्हणून उगाच तुमच्यावर आलं असतं."

सांगायचं तर तेव्हा सांगायचं होतं. आणि मी काय केलं? "हो गं, पुष्कळ सांगून पाहिलं," म्हणाले.

ती वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.