आधी पोरगी पिईल

हर्सूलच्या पुढं, सिल्लोडच्या रस्त्याला धनगरांची एक वस्ती होती. तिथली बानाबाई दुकानात शिरली की वाणी गपगुमान गुळाचा खडा मोडून आधी आपल्या तोंडात टाकायचा. टाकावाच लागायचा. त्यानं तो चघळला, गिळला, वर चार शब्द धड बोलला, मग बाई पदर पसरायची. तेल्याला ती त्याचंच तेल बोटावर घेऊन चाटायला लावायची. वैदूनं मुळी दिली तर म्हणायची, तूच उगाळ अन् आधी तूच घे. नवरा सूर्यभान बाजारातून आला की पिशवीच्या आधी त्याचं तोंड बघायची. वस्तीवर तिला माघारी फौजदारीण म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि कोण कोण म्हणतं याचाही तिनं तपास लावून ठेवला होता.

आता ही खोड काही ती पोटातून घेऊन आली नव्हती. ती शिकली औरंगाबादेत, गुलमंडीच्या मागच्या बोळात, नूरमोहम्मदच्या हॉटेलात.

त्या हॉटेलाला कुलूप लागल्याची बातमी सूर्यभाननं आणली. दुसऱ्या महायुद्धाचं साल होतं. साखर मिळेना, चहापत्ती मिळेना, शहरातली कितीतरी हॉटेलं कुंथत कुंथत चाललेली. सूर्यभान हातपाय धुताधुता म्हणाला, नूरमोहम्मदचं हॉटेल मिटलं म्हणं. बानाबाईनं लगेच विचारलं, कोण म्हणं? तू पाह्यलं का ऐकलं? दाराला कुलूप का नुसत्या फळ्या? सूर्यभान बिचारा कावला. म्हणाला, तूच जाऊन बघ की बाई.

आणि खरंच ती निघाली. हॉटेल मिटलं म्हणून तिचं काळीज हललं होतं, पण निघाली ती दुसऱ्याच कामाला. तिचा बाप त्रिंबक याच हॉटेलात कैक वर्षं दूध घालत आला होता, आणि नूरमोहम्मदनं त्याच्या दुधावर कधी भरवसा ठेवला नव्हता. बाप मरून गेला. 'त्रिंबक धनगराचं दूध चोख होतं' एवढं एक वाक्य तिला त्या माणसाच्या तोंडून काढून घ्यायचं होतं. हॉटेल मिटलं, उद्या म्हातारा लेकाकडं हैदराबादला निघून गेला, तर ते कायमचं राहून जाणार होतं.

लहानपणी ती याच रस्त्यानं बापाबरोबर पहाटं निघायची. बापाच्या खांद्यावर कावड, तिच्या डोक्यावर लहान चरवी. तिला शहराचं काही कौतुक नव्हतं, हॉटेलाचं होतं. बोळाच्या तोंडाशीच भट्टीचा वास यायचा. आत नान निघत असायचे, तांबूस, फुगलेले, पाठीवर तिळाचे ठिपके. मटणाच्या कलियाची देग मंद जाळावर रटरटत असायची. चहाच्या पितळी समोवारातून वाफ निघायची. बाकड्यांवर हमाल, टांगेवाले, कचेरीतले शेरवानीवाले मांडीला मांडी लावून बसलेले आणि एकाच वेळी सगळे बोलणारे. धनगराच्या पोरीनं तिथं खायचं नाही, हे आई म्हाळसाबाईनं बजावलेलं होतं. पण नूरमोहम्मदची लेक मुनिरा हिच्याच वयाची. ती ओढणीखाली झाकून गरम नान आणायची आणि मागच्या दाराशी दोघी तो गुळाबरोबर खायच्या. घरी कळलं असतं तर पाठ सोलून निघाली असती. तसा नान बानाबाईला जन्मात पुन्हा मिळाला नाही, आणि हे ती संशय न घेता सांगायची.

नूरमोहम्मद मात्र गल्ल्यावर घारीसारखा. कोळशेवाल्याचं पोतं तो तळापासून उलटं करायचा, ओला कोळसा मध्ये दडवला असंल म्हणून. आचाऱ्याला मसाला दळताना दार उघडं ठेवायला लावायचा. आणि दूध! दुधाचा थेंब तो अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, नख तिरपं करायचा, थेंब कसा घरंगळतो ते बघायचा, पाणी असलं की तो पळतो म्हणून. मग चरवीत तोंड घालून किती वेळ नुसता डोळे लावून बसायचा. रोज विचारायचा, "त्रिंबक, पाणी तर नाही ना?" त्रिंबक रोज सांगायचा, नाही. नूरमोहम्मद रोज मान हलवायचा, ती व्हय म्हणून का नाय म्हणून, ते कळायचं नाही.

इकडं वस्तीवर म्हाळसाबाईच्या डोक्यात निराळंच. दोन म्हशींतली एक अचानक आटली. चारा तोच, पेंड तीच, मग म्हैस आटली कशानं? तिनं विचार केला आणि पक्कं ठरवून टाकलं की हे त्या हॉटेलवाल्याच्या नजरेचं काम. रोज दुधात डोळे घालून बसतो, दुसरं काय होणार? तेव्हापासून ती चरवीत कोळशाचा खडा टाकायला लागली. दूध घराबाहेर निघालं की त्यात कोळसा टाकायचा, नजर त्याला लागते, दुधाला लागत नाही. आमच्याकडं घरोघर करत. फक्त तिनं पोरीला बजावलं होतं की हॉटेल यायच्या आत खडा काढून टाकायचा, त्याला दिसता कामा नये.

काही दिवस बानानं नेमानं काढला. एक दिवस मुनिरा बोळाच्या तोंडाशीच येऊन उभी, ओढणीखाली नान, आणि कोळसा राहिला.

नूरमोहम्मदनं चरवी आपल्या पातेल्यात ओतली तसा खडा आत पडला. त्यानं तो चिमटीत धरून वर काढला. कुणी म्हणालं जहर, कुणी म्हणालं करणी आहे, हॉटेल बुडवायला कुणीतरी पाठवलंय. चहा पिऊन बसलेल्या एकानं तर आपल्याच पोटावर हात ठेवला. त्रिंबकला काही कळेना, त्याला बायकोच्या कोळशाचा पत्ताच नव्हता. बानानं रडत रडत सांगितलं की आईनं टाकलाय, नजरेसाठी. आता कुणाच्या नजरेसाठी, हे सांगायची सोय होती का? पण नूरमोहम्मद काही मूर्ख नव्हता. त्याला ते न सांगता समजलं आणि त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं.

तो म्हणाला, "ठीक आहे. नजरेचंच असेल तर आधी पोरगी पिईल. मग मी घेईन."

त्रिंबक चटकन पुढं झाला. म्हणाला, "पोरीला नको. मी पितो."

मग तर झालंच. बाप स्वतःच्या पोरीला पाजायला का कू करतो, अं? बाकड्यांवरचे सगळे उठून उभे राहिले. नूरमोहम्मद त्रिंबककडं बघत राहिला, दुधात बघायचा तसाच. बापाची मान खाली गेलेली बानाला बघवेना. तिनं चरवीचं झाकण उचललं, पातेल्यात बुडवलं आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा पिऊन टाकलं. दूध प्यायची तिची ती पहिलीच वेळ. घरात दूध निघायचं ते सगळं शहरात जायचं, पोरांना ताक मिळालं तरी सण.

तिला काही झालं नाही, आणि नूरमोहम्मदनं दूध घेतलं. पण वर हुकूम काढला, की यापुढं रोज आधी पोरगी पिईल, झाकण भरून, माझ्यासमोर.

झालं, दुसऱ्या दिवसापासून तो नेमच पडला. आलं की उभं राहायचं, झाकण भरायचं, प्यायचं, तोंड पुसायचं. मग नूरमोहम्मद मान हलवणार आणि माप घेणार. गिऱ्हाईकं हसायची, आली बघा जहर चाखणारी म्हणायची. बानाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चोराची पोर असल्यासारखं रोज उभं करतात, आणि आपला बाप शब्द बोलत नाही, याचा तिला बापाचाही राग यायचा. नेम पडला तो तिचं लग्न होईपर्यंत तुटला नाही. माणसावर भरवसा ठेवायचा नसतो, त्याला आधी खायला लावायचं असतं, हे ती तिथं उभ्या उभ्या शिकली आणि सासरी घेऊन गेली. पण त्या माणसाबद्दलचा काटा काही निघाला नाही.

तर अशी ती गुलमंडीच्या बोळात पोचली. दाराला खरंच कुलूप होतं. तिनं ते ओढून पाहिलं. फळीच्या फटीतून आत बघितलं तर भट्टी थंड, समोवार नाही, बाकडी एकावर एक चढवलेली. बोळाला कसलाच वास नव्हता. शेजारच्या अत्तरवाल्यानं सांगितलं की म्हातारा मागच्या खोलीत आहे. तिनं विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? तो हसला आणि दार दाखवलं.

दार मुनिरानं उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेले, पण ओळख पटायला वेळ लागला नाही. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मुनिरा म्हणाली, अब्बाला आता फारसं दिसत नाही, पण कान तिखट आहेत आणि स्वभाव तोच आहे. मी औषध दिलं तर आधी मलाच वास घ्यायला लावतात.

नूरमोहम्मद खाटेवर बसलेला, पार वाळून गेलेला. मुनिरानं त्याच्या कानाशी सांगितलं, त्रिंबक दूधवाल्याची बाना आलीय. तो म्हणाला, कशावरून? बानाबाईला हसू आलं आणि रागही आला. बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. म्हणाली, चाचा, मी काही मागायला आले नाय. माझा बाप जिता असेपर्यंत तुम्ही त्याच्यावर शक घेतला, मला रोज चोरासारखं उभं केलं. आता हॉटेल बी मिटलं. आता तरी खरं बोला.

"आमचं दूध चोख होतं का नाय?"

म्हातारा म्हणाला, "तुझं चोख होतं, बेटी. तुझ्या बापाचं नव्हतं."

बानाबाई जागच्या जागी पेटली. माझा बाप मेलाय, तोंड सांभाळा, असं ती म्हणाली सुद्धा. मुनिरानं तिचा हात धरला. नूरमोहम्मदनं तो आवाज ऐकून घेतला आणि सावकाश सांगायला लागला. नखावर थेंब पळायचा, पण थोडासा. रागानं हाकलावं इतका नाही, आणि सोडून द्यावं इतकाही नाही. धरता येत नव्हतं. कोळशाच्या दिवशी जहर-बिहर त्याच्या मनात नव्हतंच, त्रिंबकच्या बायकोला आपली नजर वाईट वाटते याचाच त्याला राग आला होता, आणि रागारागात त्यानं पोरीला प्यायला सांगितलं. तेव्हा त्रिंबक पोरीच्या आडवा आला. जहर घालणारा माणूस स्वतः पितो म्हणत नाही. कसलं तरी घाण पाणी घालणारा म्हणतो, ते पोरीच्या पोटात जायला नको म्हणून.

"दुसऱ्या दिवशी थेंब नखावरून हललाच नाही," म्हातारा म्हणाला. "तिसऱ्या दिवशीही नाही. तू पिणार हे त्याला ठाऊक झालं ना. मग मी तुझं पिणं कशाला बंद करतो? बंद केलं की पुन्हा सुरू झालं असतं. माणसाचा काय भरवसा."

बानाबाईनं त्याला खोटं पाडायला तोंड उघडलं, आणि तिला हर्सूलच्या अलीकडचा ओढा आठवला. आधी आधी बाप त्या ओढ्याशी थांबायचा. म्हणायचा, तू हो पुढं, मी पाय धुऊन येतो. ती चरवी त्याच्यापाशी ठेवून पुढं जायची आणि चिंचेखाली वाट बघायची. वस्तीतल्या म्हशी त्याच ओढ्यात बसायच्या, ते पाणी काय पाणी होतं! मग पुढं कधीतरी बाप थांबायचा राहिला. ओढा आला की तो तिचं बोट धरायचा आणि दोघं बरोबरच पार व्हायची. पोरगी मोठी व्हायला लागली म्हणून बाप जपतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि फार बरं वाटलं होतं.

एक म्हैस आटलेली होती. ते पाणी होतं म्हणून घर चालत होतं, हे आता घर चालवून थकलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि त्यानं ते सोडलं, शब्द न बोलता, रोजच्या रोज, हिनं झाकणभर प्यायचं म्हणून. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मुनिरानं पाणी आणलं, ते तिनं तसंच घेतलं.

वस्तीवर पोचली तर सूर्यभान वाटंवर उभाच. त्यानं विचारलं, काय म्हणाला नूरमोहम्मद? होतं का दूध चोख?

बानाबाई म्हणाली, "म्हणाला, तुझ्या बापाचा तुझ्यावर लई जीव होता."

सूर्यभान म्हणाला, एवढं ऐकायला एवढ्या लांब गेलीस?

ती म्हणाली, व्हय.