कपाटातला पासपोर्ट

“तांडा हा शब्द पुन्हा तोंडातून काढशील तर पाह्य,” सर म्हणाले आणि माझ्यासमोर धरलेला मोबाईल खाली घेतला.

यवतमाळात एका मेडिकलच्या वर आमचा क्लास होता. परदेशात इंग्रजी शिकवायला मास्तर पाठवणारा. तिथल्या शाळेला पाठवायचा माझा व्हिडिओ चालू होता. कुठली, असं विचारलं, म्हणून मी इंग्रजीत सांगितलं की आर्णीजवळच्या बंजारा तांड्यात राहते.

“तिकडच्या लोकाईले काय सांगू? बैलं घेऊन फिरनारे मास्तर पाठवून राह्यलो म्हनून?”

तीस पोरंपोरी हसली. मीही हसले. हे लिहायला मला अजून जड जातं. त्यांच्यासोबत मीही हसले.

मग सरांनी मला नाव दिलं. नॅन्सी. गाव नागपूर. वडिलांचा बिझनेस. माझे बा कापूस पिकवतात. मी तो कागद पाठ केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला वाटलं, मोठ्या जागी असंच असतं. विचारायचं नसतं.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस तांड्यात आला तेव्हा लहान पोरं घरात लपली होती. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, त्याला चहा दिला. पोलिसाला आमच्या दारात चहा, हे पहिल्यांदाच. तो पासपोर्ट आला आणि आठच दिवसांत मी तो सरांकडं दिला. सोबत दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट. सगळ्यांचे कागद एका लोखंडी कपाटात होते. किल्ली सरांच्या खिशात.

आमच्या तांड्यात एक रीत आहे. ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर येतो आणि चारचौघांत सांगतो. कुठं नेतो, कोणाच्या हाताखाली ठेवतो, परत कधी आणतो. हे सांगितल्याशिवाय एकही जोडपं ट्रकवर चढत नाही.

नायकानं मला बोलावलं. “तुले नेनारा कोन? त्याले आन इथं.”

“हे ऊसतोडीचं काम नाही, काका. शिक्षकाची नोकरी आहे.”

“मानूस नेऊन राह्यला ना? मंग त्यानं याले पाह्यजे.”

मला त्यांची लाज वाटली. तरी घाबरत घाबरत सरांना सांगितलं. भर क्लासमध्येच त्यांनी हात जोडले.

“वा! मले मुकादम केलं का मॅडमनं? कोयता घेऊन येऊ, का तसाच येऊ?”

पोरं बाकं वाजवून हसली. या वेळी मला हसता आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी सरांनी मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावला. आधी पाठवलेली एक मुलगी दाखवायला. ती पांढरकवड्याकडच्या तांड्यातली, आमच्यापैकीच. सर तिला रोझी म्हणत. तिच्या मागं कोरी भिंत. ती इंग्रजीत बोलत होती. मी इथं खूप आनंदात आहे. मुलं फार गोड आहेत. जेवण चांगलं आहे. बोलताना तिची नजर सारखी डावीकडं जात होती. तिथं कोणीतरी उभं असावं.

“विचारा काही. इंग्लिशमधी,” सर म्हणाले.

मी उभी राहिले. तोंडातून इंग्रजी निघालंच नाही. गोरबोली, आमची बंजाऱ्यांची भाषा, निघाली. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मी म्हटलं, बाई, तुला कुठं ठेवलंय? कोणाच्या हाताखाली? परत कधी आणणार?

“ए! इंग्लिश म्हटलं ना!” सर ओरडले.

तिच्या ओठांवरचं हसू हललं नाही. हसतच ती गोरबोलीत बोलली. इथं शाळा नाही. लेकरं नाहीत. पासपोर्ट यांच्याजवळ आहे. दाराला बाहेरून कुलूप असतं. मग दोन शब्द. “मत आ.”

पडदा काळा झाला.

“नेटवर्क गेलं,” सर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “काय म्हने थे?”

ती काय म्हणाली ते मी मराठीत सांगितलं. सरांना नाही, बाकांकडं तोंड करून. एकेक वाक्य. कोणी हसलं नाही.

“माझे कागद द्या,” मी म्हटलं.

“सीट जाईन तुही. जिंदगीभर कापूसच वेचशीन.”

“कागद द्या.”

मी कपाटासमोर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं मागं दोघीजणी येऊन उभ्या राहिल्या, मग एक मुलगा. सरांनी फोन लावला, कोणालातरी हळू आवाजात माझं खरं नाव आणि तांड्याचं नाव सांगितलं. मला ऐकू यावं असंच सांगितलं. मग कपाट उघडलं. आम्ही चौघांनी कागद घेतले. बाकीच्यांचे तिथंच राहिले.

पडद्यावरची ती मुलगी अजून तिकडंच आहे. तिचा फोन लागत नाही. आठवड्यात दोनदा आमच्या तांड्याच्या रस्त्याला एक नंबर नसलेली मोटरसायकल उभी असते. त्यावरचा माणूस आमच्या घराकडं बघत बसतो.

तिच्या आईला घेऊन मी ठाण्यात गेले. “मर्जीनं गेली ना?” पोलीस म्हणाले. अर्ज तीनदा परत आला. चौथा मी आज लिहिला. त्यात सरांचं पूर्ण नाव आहे, क्लासचा पत्ता आहे, आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही. उद्या कलेक्टर कचेरीत देणार. पोचपावतीचा शिक्का मिळाल्याशिवाय तिची आई आणि मी तिथून उठणार नाही.