यारीवरची केशरबाई

लोहाऱ्याच्या पुढं, माळाच्या उतारावर असलेल्या आमच्या वस्तीत केशरबाईचं घर असं एकच होतं की ज्यात फळी नव्हती, शिंकंही नव्हतं. डबे, कंदील, पाण्याची घागर, सगळं भुईवर मांडलेलं. नवीन नांदायला आलेल्या पोरी हसायच्या. जुन्या बायका मात्र हसत नसत.

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीला स्वतःची विहीर मंजूर झाली. छप्पन सालानंतर बौद्ध झालेली ही घरं तोवर ओढ्यातले झरे उकरून पाणी भरायची, नाहीतर दुसऱ्याच्या विहिरीवर ‘पाणी वाढा’ म्हणून उभी राहायची. त्यामुळं त्या करपलेल्या सालातही लोक हुरूपानं कामाला लागले. गडी खाली उतरून कातळ फोडायचे. काठावर लोखंडी यारी उभी केलेली. तारेचा दोर, तो गुंडाळणारं दात्यांचं चाक आणि चाकाला दोन्ही बाजूंनी दांडे. एका दांड्यावर केशर, दुसऱ्यावर कोंडीरामची बायको द्वारकाबाई. ती वयानं मोठी, केशर तिला आक्का म्हणायची. खाली केशरचा नवरा बलभीम आणि कोंडीराम जोडीनं दगड भरायचे.

भरलेली बकेट वर यायला फार वेळ लागे. दोघी दांड्यावर छाती टाकायच्या तेव्हा कुठं चाक एक दाता सरकायचं. दात्यात खिट्टी पडली की ते मागं फिरत नसे. सकाळपासून दुपारपर्यंत नुसतं टक्, टक्, टक्.

चैतातली दुपार होती. वारा पडलेला, पाखरूही बोलत नव्हतं. बकेट काठाशी आली, दोघींनी घाम पुसायला एकेक हात सोडला आणि झिजलेल्या दात्यावरून खिट्टी निसटली.

दांडा केशरच्या हातातून हिसडला गेला. मग तो दिसेनासाच झाला. दांड्याच्या जागी नुसती एक राखाडी चकती गरगरत होती आणि त्यातून शिट्टीसारखा आवाज निघत होता. द्वारकाबाईचा हात कोपरात मोडला. केशर मागं आपटली. ओरडायला तिनं तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली होती. कानात ती शिट्टी तेवढी भरून राहिली.

खालून धडाका आला. मग धूळ वर आली, अगदी सावकाश.

कोंडीराम जागीच गेला. बलभीमला वर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

“तू हाक मारलीस म्हणून वाचलो,” तो केशरला म्हणाला. “‘बलभीम, सरक’ म्हणालीस.”

केशर गार पडली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

“म्या न्हाय मारली,” ती म्हणाली.

मोडका हात पोटाशी धरून बसलेली द्वारकाबाई त्यावर काहीच बोलली नाही. पण वस्तीनं काय ते ओळखलं: हिनं आपला माणूस तेवढा वाचवला.

काम काही दिवस थांबलं. यारी तिथंच उभी, बकेट रिकामी लोंबती. भर उन्हात दांडा कधी अर्धा वेढा फिरायचा आणि थांबायचा. वाऱ्याची झुळूक नसायची. बायका पदर ओढून लांबून जायच्या. पुढं विहिरीला पाणी लागलं, यारी गेली, पण केशरच्या अंगात काहीतरी आहे ही बोलवा राहिली.

बलभीमलाही ते छळू लागलं. एका दुपारी दार लोटून तो म्हणाला, “एकदा माझं नाव घे. त्या दिवशीसारखं.”

“अवं, कसं घेऊ?”

“घे म्हणतो ना.”

तिनं भिंतीकडं तोंड करून नाव घेतलं. बलभीम ऐकत राहिला.

“ह्यो न्हाय,” तो हळूच म्हणाला. “त्यो आवाज ह्यो न्हाय.”

पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मागून कुणी बाई बोलली की तो दचकायचा.

केशर निराळ्याच गोष्टीनं पछाडली होती. आमच्या ओट्यावर बसून ती एक गोटा हातात धरायची. “बघ, कसा गप हाय,” मला म्हणायची. “ह्याच्यात काय बसलंय ते दिसतंय का? सोडला की जागा होतो.” गुडघ्याइतक्या उंचीवरून सोडला तर तो नुसता टप् करायचा. डोक्यावरून सोडला की जमिनीत खळगा पडायचा. “जितकं वर न्यावं तितकं त्याच्यात भरतंय. त्या बकेटीत दगडं कुठली? आमच्या दोघींचा जोर भरला हुता. आमीच चढवला, दाता दाता. त्योच उतरला त्यांच्यावर.”

शहाऐंशीत बलभीम तापानं गेला. चौथ्या दिवशी भर दुपारी द्वारकाबाई दारात आली. विहिरीवरच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. मोडलेला हात वाकडाच जुळला होता.

“तुझं माणूस गेलं. आता सांगाया पायजे,” ती उंबऱ्यावरच बसली. “ती हाक माझी हुती.”

केशर बघतच राहिली.

“दांडा सुटला आन् म्या आमच्या मालकाला हाक माराया गेले. पण त्यांचं नाव या तोंडानं कधी घेतलं न्हवतं, केशर. आयत्या टायमाला आलंच न्हाय. तुझा मालक मला धाकला, त्येचं घेता येत हुतं, तेच आलं. लोक तुला बोलत हुते, तवा म्या गप बसले. खरं सांगितलं असतं तर ‘आपला सोडून दुसरीचा वाचवला’ असं मलाच ऐकाया लागलं असतं.”

मग केशर उठली, उंबऱ्याशी येऊन बसली, द्वारकाबाईचा वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला आणि रडली. तिच्यासाठी, की स्वतःसाठी, ते तिलाही सांगता आलं नाही.

पुढं दोघी भागीत एक म्हैस पाळून दूध संस्थेत दूध घालू लागल्या. वस्तीला याचं नवल वाटे. कुणी विचारलं तर द्वारकाबाई सगळं खरं सांगायची, काही न लपवता. ऐकणाऱ्या बायका त्या रात्री आपल्या घरी, अंधारात, ओठातल्या ओठात नवऱ्याचं नाव म्हणून बघायच्या.