वाचला तो एक काठ

मधुकर गेल्याचा फोन आमच्या जुन्या साहेबांनीच केला. “विणकर संघात तुम्ही त्याच्या शेजारी बसायच्या. पेपरच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहा शोभाताई,” म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, “जुनं काही उकरू नका.” मला आधी रडू यायला हवं होतं, पण आली ती किळस. महिना झाला, अजून गेलेली नाही. तेव्हा साहेब, उकरतेच.

मधुकर काही देवमाणूस नव्हता. तोंडाने फाटका, चहा दुसऱ्याच्या खात्यावर पिणारा, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भंडाऱ्याच्या आमच्या संघात कॉम्प्युटर आला आणि तो त्याचा ऑपरेटर झाला. मी टायपिस्ट. त्याचे वडील पवनीचे विणकर, कोसा रेशमाच्या लुगड्यांचे नक्षीदार काठ विणण्यात आयुष्य गेलेलं. त्यांची नजर गेली, हात कापायला लागले, तेव्हा मधुकर त्यांना सायकलवर मागे बसवून ऑफिसात आणायला लागला. म्हातारा स्टुलावर बसून डोळे मिटून काठाच्या नक्षीचे धागे सांगायचा, दोन उचल, तीन सोड, एक उचल... आणि मधुकर एकेक ओळ मशीनमध्ये भरायचा. “बोटाईले जमत नाही आता, पन डोक्यात हाये अजून. लिवून घे,” म्हातारा म्हणायचा. त्या बापलेकांच्या अंगाला तंबाखूचा वास येतो अशी साहेबांची तक्रार होती. संपूर्ण हिवाळा हे चाललं. होळीच्या आधी म्हातारा वारला. त्याचे सगळे काठ आता त्या एका मशीनमध्ये होते, दुसरीकडे कुठेच नव्हते.

त्या मशीनसाठी खोलीला एसी बसवला होता. मशीन चालू असेल तरच एसी लावायचा, असा वरून आलेला नियम. मे महिन्यातला भंडाऱ्याचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला पुढचं सांगायला नको. साहेबांनी आपली खुर्ची आत हलवली, मग डबा, मग उशी. दुपारी जेवून तिथेच आडवे व्हायचे, तोंड उघडं, बनियनवर, पायाच्या बोटांत खाजवत. सुटीच्या दिवशी त्यांचे मेहुणे येऊन पत्ते खेळायचे. आणि हे सगळं होत असताना मशीन नुसतीच सुरू.

एके सकाळी ती करकरायला लागली. मधुकर कान लावून बसला. “ताई, हे मशीन मरून राहिली. हार्ड डिस्क घासून राहिली आतमधी. आता इले बंद ठेवा लागते, अन् फ्लॉपीवर जेवढं निघते तेवढं काढून घ्या लागते.” फ्लॉप्यांचं खोकं साहेबांच्या कपाटात, कुलपात. तो मागायला गेला. साहेब म्हणाले, “चालू आहे ना? मग चालू द्या. बिघाड कळवला तर मशीन नागपूरला जाईल, आणि खोलीला सील लागेल.” मधुकर ओरडला, “साहेब, माह्या बापाचे काठ हायेत त्याच्यात! तुमच्या झोपेपायी मारता का मशीनले?” साहेबांनी त्याला बाहेर काढलं आणि स्वतःच्या हाताने मशीन सुरू करून झोपले. मी दारात उभी होते. ते घोरणं आणि ती करकर एकाच वेळी ऐकू येत होती.

मधुकर एसटीने नागपूरला गेला, स्वतःच्या पैशाने फ्लॉपी आणली. दुसऱ्या दिवशी साहेब चहाला उठले तेवढ्यात त्याने काम सुरू केलं. एक काठ उतरला. दुसऱ्याला मशीन अडकली, खट खट करत राहिली आणि गप्प झाली. ती पुन्हा उठली नाही. साहेबांनी वर कळवलं की ऑपरेटरने नीट हाताळली नाही. आठवड्याभरात तो एसी साहेबांच्या केबिनच्या भिंतीत बसला होता. मग नियम कुठे गेला, हे कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून मधुकरला एक खोड लागली. कोणाच्या घरी गेला की, “हे ठेवा तुमच्यापाशी, मांगतलं त द्या,” म्हणून पाकीट द्यायचा. आम्ही हसायचो. मधुकरच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याला, लोक ती पाकिटं घेऊन आले. डॉक्टर, पानठेलेवाला, शाळेतल्या बाई, मी. कोणाकडे फ्लॉपी, कोणाकडे छापील कागद, कोणाकडे नंतरच्या काळातली सीडी. त्याच्या मुलीने सतरंजीवर सगळं ओळीने मांडलं आणि कागद एकावर एक धरून पाहिले.

“मावशी, ह्या सगळ्यात एकच काठ हाये. बाकीचे कुठी हायेत?”

एका माणसाला दुपारी गारव्यात झोपायचं होतं, त्यात गेले, असं मी तिला सांगितलं. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.