विरलेला चुना

भट्टीवर चुना घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नुसता चुना घेऊन परत गेलं, असं मास्तरांकडे कधी घडलं नाही. चुन्याबरोबर धडा हा मिळायचाच. तसे ते कुठल्या शाळेचे मास्तर नव्हते. वडिलांनी मागं ठेवलेली चुन्याची भट्टी, तीच त्यांनी चालवली. पण समोर माणूस उभा राहिला की त्यांच्या अंगात गुरुजी संचारायचे, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बायकोला मग मास्तरीणबाई ही पदवी आपसूकच मिळाली. मूलबाळ नव्हतं. दोघं आणि भट्टी, एवढाच संसार.

धड्याची सुरुवात ठरलेली. गिऱ्हाइकाच्या एका हातात कच्चा चुनखडीचा दगड द्यायचा, दुसऱ्या हातात तेवढीच भाजून निघालेली कळी.

"आकार बघ, सारखा. आता वजन बघ. निम्म्याच्या जरा वर. मग बाकीचा दगड गेला कुठं?"

"तुम्ही खाल्ला असेल," एखादा गवंडी म्हणायचा.

"अरे, हवा होऊन गेला! दगडाच्या पोटात कोंडून बसलेली हवा आगीनं हाकलून दिली. हा आता तो दगड राहिलाच नाही."

मग कळी घमेल्यात पडायची आणि वर तांब्याभर पाणी. क्षणभर काहीच व्हायचं नाही. गिऱ्हाईक मास्तरांकडे बघायचं, मास्तर आकाशाकडे. तेवढ्यात कळी सुस्कारा टाकायची, तडकायची, फुगायची, आणि खाली काडीचाही विस्तव नसताना पाणी खदखदायला लागायचं. हजारदा बघितलेली ही गंमत, पण मास्तरांचा चेहरा दर खेपेला असा फुलायचा, जणू आताच कुणीतरी त्यांना दाखवली.

"मीठ पाण्यात टाकलंस तर ते नुसतं लपतं. पाणी आटवलंस की पुन्हा हजर. हा लपत नाही बाबा, हा बदलतो. आणि एकदा पोटभर पाणी प्याला, विरला, की मग त्याच्यावर नदी ओत. ढिम्म तापायचा नाही! पुढं भिंतीवर चढला की हवेतून आपली गेलेली हवा हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा होतो दगड. दगडाचा दगड!"

"म्हणजे मास्तर, आम्हाला चुना लावायचा आणि वर भाषणही ऐकवायचं!"

"ऐका हो दादा, निमूट ऐका," हौदापाशी चुना गाळणाऱ्या मास्तरीणबाई ओरडायच्या. "मी लग्न झाल्यापासून याच वर्गात बसलेय. अजून वरच्या वर्गात घातलं नाही मला!"

मास्तरांचा एक विश्वास होता, आणि तो या धंद्यानंच त्यांच्या मनात पक्का केला होता. जगात काही कायमचं बिघडत नाही, फिरून जागेवर येतं. दगड गेला, दगड आला. मधे काय घडलं तेवढं माणसाला कळलं पाहिजे.

त्या दुपारी मास्तरीणबाई हौदातला मुरलेला चुना चाळणीतून काढत होत्या. आठवडेच्या आठवडे पाण्याखाली बसलेला, दाट सायीसारखा चुना. फावडं तळाशी अडकलं. बाईंनी ओढलं, सुटेना. पाय रोवून हिसका दिला, तसं ते एकदम सुटलं आणि चुन्याचा लपका फटकन तोंडावर बसला. दोन्ही डोळे भरले.

बाई किंचाळल्या नाहीत. शेजारीच हात धुवायची बादली होती. चाचपडत त्या बादलीकडे वाकल्या, दोन्ही हातांची ओंजळ पाण्यात बुडवली. ओंजळ तोंडापर्यंत आली होती.

"पाणी नको! उकळेल!"

भट्टीच्या तोंडापासून मास्तर धावत आले आणि त्यांनी लाथेनं बादली उडवली. बाईंची ओंजळ हातानं झटकून टाकली. कमरेचा फडका काढला, दिव्यासाठी ठेवलेल्या तेलात बुचकळला आणि डोळे पुसायला लागले. पुसतायत, पुसतायत. बाई म्हणतायत, "अहो, आग होतेय हो, पाणी द्या!" आणि मास्तर म्हणतायत, "थांब गं, थांब, पाणी लागलं तर डोळे शिजतील." चुन्याला पाणी लागलं की काय होतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आणि त्या घटकेला त्या हाडानं डोक्याला विचारलंच नाही.

चुना न्यायला आलेल्या एका गवंड्याच्या टेम्पोत घालून बाईंना दवाखान्यात नेलं. वाटेत मास्तरांच्या खांद्यावर डोकं टेकलेल्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो... पण तो तर विरलेला होता ना?"

टेम्पो खड्ड्यांतून आदळत राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी नळीनं पाणी सोडलं. कितीतरी वेळ, नुसतं पाणी. मास्तर भिंतीला टेकून ते वाहणारं पाणी बघत होते.

"तिथल्या तिथे का नाही धुतलेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चुना होता, बाई. मला वाटलं..."

"कळीचा असता तरी पाणीच. भरपूर पाणी. चुना डोळ्याला आत आत खात जातो."

मग सुरू झाल्या खेपा. थेंब, मलम, पट्ट्या. डाव्या डोळ्यावर दुसऱ्याचं बुबुळ बसवून पाहिलं, तेही पांढरं पडलं. एका खेपेला बाईंना बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना आत बोलावलं.

मास्तरांनी तयारीच करून ठेवली होती. "बाई, मी अडाणी माणूस. पण भिंतीवरचा चुना हवा ओढून परत दगड होतो, जिथून निघाला तिथं येतो. तसं डोळ्याचं काही उलटं फिरवता येत असेल तर सांगा. कितीही दिवस लागू देत."

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "अंडं उकडलंय कधी? आतलं पाण्यासारखं असतं ते पांढरं, घट्ट होतं. ते गार करून ठेवलं तर पुन्हा पातळ होतं का?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"तसं झालंय. त्यांना आता काठीची सवय लावा. आमच्या नर्सबाई शिकवतील. जितकं लवकर शिकतील तितकं बरं."

मास्तर बाहेर आले. बाकावर बाई पदर सावरून ताठ बसल्या होत्या, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशा.

"काय म्हणाल्या?"

आयुष्यभर या माणसानं चुन्याबद्दल एक खोटा शब्द उच्चारला नव्हता. "ऊन लागलं की सुटेल म्हणाल्या," ते म्हणाले. "वर पापुद्रा धरलाय नुसता. उन्हाळ्यात वाळेल आणि गळून पडेल."

"तरीच!" बाईंचा चेहरा उजळला. "मला वाटलंच होतं."

त्या दिवसापासून बाई रोज सकाळी खिडकीपाशी उन्हाकडे तोंड करून बसायला लागल्या. नर्सबाई काठी घेऊन घरी आल्या, तर बाईंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. "काठी कशाला हो? उन्हाळ्यापर्यंतचाच तर प्रश्न." चौकटीवर कपाळ आपटायचं, चुलीचा चटका बसायचा, तरी हसायच्या. मास्तर मागं मागं फिरायचे, पातेली सरकवायचे, उंबऱ्यातली चप्पल उचलायचे. काठी शिक म्हणायचं, तर आधीचं खोटं कबूल करावं लागणार. तेवढं धैर्य रोज गोळा व्हायचं आणि रोज सांडायचं.

भट्टी थंड पडली. गवंडी दुसरीकडून चुना आणायला लागले. एकजण जुन्या ओढीनं आला आणि कळी हातावर झेलत म्हणाला, "मास्तर, होऊन जाऊ द्या धडा!" मास्तरांनी ती कळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि पोत्यात टाकली.

उन्हाळा आला. दगड तापले, हौदातलं पाणी आटलं, खिडकीतलं ऊन बाईंच्या चेहऱ्यावर तासन्‌तास पडून राहिलं. मग तोही सरला.

"यंदा ऊन कमीच होतं, नाही?" एका सकाळी बाई म्हणाल्या.

"हं," मास्तर म्हणाले. "दिवस ढगाळच गेले."

"मग पुढच्या उन्हाळ्यात." त्यांनी तोंड वर केलं, पापण्या बोटांनी ताणून धरल्या. "तरी बघा जरा. कडेनं काही सुटतंय?"

मास्तर वाकले. दोन्ही डोळ्यांत उकडलेला, गुळगुळीत पांढरेपणा होता. कडेलाही तोच.

"थोडंसं," ते म्हणाले.

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

बाईंनी पापण्या सोडल्या आणि तोंड पुन्हा उन्हाकडे वळवलं.